क्षयरोगाच्या वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टरांसाठी

क्षयरोगाच्या वॉर्डात ड्युटी लागली की घरचे धास्तावतात. पण माझ्या अनुभवाने, औषधे लागू पडलेल्या रुग्णापेक्षा जनरल वॉर्डात निदानाविना आठवडाभर खोकत पडलेल्या रुग्णाकडून अधिक धोका असतो, कारण तिथे आपण बेसावध असतो. जंतू हवेतून पसरतात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात, म्हणून वॉर्डात शिरताच समोरासमोरच्या खिडक्या उघडा. थंडीत नातेवाईक त्या पुन्हा लावतात. न चिडता कारण समजावून सांगा.

साधा सर्जिकल मास्क खोकणाऱ्या रुग्णाला द्या, स्वतः एन-९५ वापरा. तो नाकाच्या पट्टीपाशी नीट दाबून बसवा. चष्म्यावर वाफ धरत असेल, तर बहुधा हवा वरून निसटते आहे. थुंकीचा नमुना मोकळ्या हवेत घ्यायला लावा, वॉर्डात किंवा स्वच्छतागृहात कधीच नको.

लहानपणी घेतलेल्या बीसीजीवर विसंबू नका. मी स्वतः तीन आठवडे खोकला ‘धावपळीचा’ म्हणून अंगावर काढला होता आणि त्याची किंमत सहा महिन्यांच्या औषधांनी मोजली. दोन आठवडे खोकला, संध्याकाळचा ताप किंवा घटते वजन दिसले, तर लगेच थुंकी तपासून घ्या. मधुमेह असेल, तर रुजू होतानाच वरिष्ठांना सांगा.