इम्यून ट्रीटमेंट घेत बाळासाठी प्रयत्न करतेय. दर महिन्याला आशा तुटते. सकारात्मक कसं राहायचं?

तुम्ही लिहिलंय की स्टेरॉइडची गोळी चालू आहे, मधून मधून इंट्रालिपिडची सलाईन लावतात, पाळी आली की सगळं कोसळतं, आणि घरचे म्हणतात, मन प्रसन्न ठेव, तरच राहील. हे शेवटचं वाक्य माझ्या फार ओळखीचं आहे. उत्तर लांबणार आहे.

आधी मत सांगते. मन खचलं म्हणून गर्भ पडत नाही. गुणसूत्रांत दोष असला तर पडतो, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत बऱ्याचदा कारण तेच असतं. अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीज, म्हणजे रक्तात गुठळ्या व्हायला लावणाऱ्या, शरीराने स्वतःविरुद्धच बनवलेल्या अँटीबॉडीज असल्या तर वार नीट रुजत नाही, म्हणून पडतो. थायरॉइड, वाढलेली साखर, गर्भाशयातला पडदा, अशी आणखी कारणं आहेत. आईने पुरेशी आशा धरली नाही, हे कारण मला एकाही डॉक्टरने सांगितलं नाही. दुष्काळात, सासुरवासात, नवरा होडीवरून परत आला नाही अशा घरांतसुद्धा मुलं जन्मली आहेत. आमच्या किनाऱ्यावर अशी घरं शोधायला लांब जावं लागत नाही.

मला या अँटीबॉडीजचा आजार, अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम आहे, सोबत सौम्य ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. निदान व्हायलाच काही वर्षं गेली. वेंगुर्ल्यात दिवस राहून गेले की आधी रस्ता दोषी ठरतो, मग बाईची स्कूटर, मग तिची नोकरी. मी काजूच्या कारखान्यात हिशेब बघते आणि स्कूटरनेच जाते, त्यामुळे लोकांना कारणं आयती मिळाली. शेवटी गोव्यातल्या संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंनी तीन तपासण्या लिहून दिल्या: ल्युपस अँटीकोॲग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन. पॉझिटिव्ह आल्यावरही त्यांनी शिक्का मारला नाही. किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करायला लावल्या, कारण एखाद्या साध्या इन्फेक्शननंतरसुद्धा या अँटीबॉडीज काही काळ दिसतात आणि निघून जातात. माझ्या गेल्या नव्हत्या.

मग एचसीक्यूएस (हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी), कमी डोसचं ॲस्पिरिन, आणि दिवस राहिल्याचं कळलं की रोज पोटावर हेपॅरिनचं, म्हणजे रक्तात गुठळी होऊ न देणारं, इंजेक्शन असं ठरलं. आशा धरा असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी मला १९९७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला लंडनचा अभ्यास सांगितला. माझ्यासारख्याच ९० बायका, वारंवार गर्भपात झालेल्या. नुसत्या ॲस्पिरिनवर ४२ टक्के जणींच्या हातात मूल आलं, ॲस्पिरिन आणि हेपॅरिन दोन्हीवर ७१ टक्के जणींच्या. मी तो ७१ धरून ठेवला. उरलेले २९ त्यांनी लपवले नाहीत, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण पुढच्या खेपेला मी त्या २९ मध्ये गेले.

ते २०२० साल होतं. मार्चमध्ये आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने कोविड टाळायला आरोग्य कर्मचाऱ्यांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुचवलं आणि आमच्यासारख्या, वर्षानुवर्षं तीच गोळी घेणाऱ्या बायकांना ती मिळेनाशी झाली. नवऱ्याने कुडाळ, सावंतवाडी, बांदा इथली मेडिकलं पालथी घालून पट्ट्या जमवल्या. गोळी चुकली नाही, पुढे दिवस राहिले तेव्हा इंजेक्शनही चुकलं नाही, आणि मी अगदी आनंदात होते. तरी गर्भ राहिला नाही.

त्यानंतरच्या खेपेला पाचव्या महिन्यात होते तेव्हा तौक्ते वादळ आलं. १५ मे २०२१ च्या रात्रीपासून वारा सुटला तो १६ च्या रविवारी दिवसभर. आमच्या परड्यातला फणस गोठ्यावर आडवा झाला, पुढच्या पडवीची कौलं उडाली, माड विजेच्या तारांवर पडले. वीज गेली, मागोमाग मोबाइलचा टॉवर गेला. हेपॅरिनची पाकिटं संपत आली होती. त्या महिन्यात तीच इंजेक्शनं कोविडच्या पेशंटनाही लागत होती, त्यामुळे साठा करून ठेवता आला नव्हता. गोव्याच्या हद्दीवर निगेटिव्ह रिपोर्ट मागत होते, म्हणजे ती वाटही सरळ नव्हती.

सासूबाई काय करत होत्या ते सांगते. या इंजेक्शनांना फ्रीजच हवा असं नसतं, पण ती तापूही द्यायची नसतात. त्यांनी डबा उचलून देवघराच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवला, घरातली सगळ्यात थंड जागा ती. रात्री मी पोटावर सुई लावताना त्या बॅटरी धरून उभ्या राहायच्या. सुई टोचलेली त्यांना बघवत नाही, त्या तोंड फिरवायच्या, पण बॅटरी हलायची नाही. मी रडले की म्हणायच्या, "रडाक येता तर रड गो. पन उपाशी रवू नको." इतकंच.

वाडीतल्या पोरांनी कोयते, कुऱ्हाडी घेऊन रस्त्यावरची झाडं तोडली. नवरा मठमार्गे कुडाळला गेला, तिथे नव्हतं, तसाच सावंतवाडीला गेला. जिथे झाड आडवं होतं तिथे लोकांनी त्याची मोटारसायकल उचलून पलीकडे ठेवली. काळोख पडायच्या आत तो इंजेक्शनं घेऊन घरी आला.

मधल्या काळात एकदा रेंज आली आणि डोंबिवलीहून वन्संचा फोन लागला. मी म्हटलं, वन्सं, इंजेक्शन संपतंय, तिकडे कुठे मिळतंय का बघा ना. त्या म्हणाल्या, "बघू गं, पण आधी तू मनात वाईट आणायचं बंद कर. मागच्या वेळी तू आधीच हरल्यासारखी बोलत होतीस, म्हणून तसं झालं. बाळाला सगळं कळतं." नंतर त्यांनी गर्भसंस्काराचं रेकॉर्डिंग पाठवलं. आधीच सांगितलं की मागच्या वेळी मी आनंदात होते. त्यांना ते ठाऊक होतं, त्या फोनवर माझ्याशी बारशाचं बोलत असत.

लेक गणपतीच्या आधी जन्मली, दिवस पूर्ण भरायच्या थोडं अगोदर, पण रडत, हातपाय मारत. वन्सं गणपतीला आल्या, तिला मांडीवर घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बघ, शेवटी आशा धरलीस आणि झालं की नाही?" मी बाळंतीण, हेपॅरिन अजून चालू होतं, कारण या आजारात बाळंतपणानंतरही सहा आठवडे गुठळीचा धोका असतो. तेव्हा मी गप्प राहिले. आता राहणार नाही. ही लेक माझ्या आशेमुळे झाली असेल, तर आधीचे गेले ते माझ्या आशेच्या कमतरतेमुळे गेले, असा त्याचा अर्थ होतो. तो मला मान्य नाही. माझ्या लेकीच्या वाट्याचं श्रेयही मी त्या भावात घेणार नाही. श्रेय औषधाचं आहे, ते वेळेवर आणून देणाऱ्या माणसाचं आहे, आणि बरंचसं नशिबाचं आहे, कारण तीच औषधं आदल्या वर्षी पुरली नव्हती.

सासूबाईंनी आरवलीच्या वेतोबाला नवस बोलला होता, केळीचा घड वाहिला. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. नवस त्यांनी स्वतः बोलला आणि स्वतः फेडला. त्यासाठी माझ्याकडून हसरा चेहरा मागितला नाही.

आता तुमच्याबद्दल. तुमच्या प्रश्नात औषधांची नावं आहेत, आजाराचं नाव कुठेच नाही. मला तेच खटकलं. "इम्युनिटी जास्त आहे" हे निदान होत नाही. तुम्हाला ल्युपस आहे का, अँटीफॉस्फोलिपिड आहे का, थायरॉइडच्या अँटीबॉडीज आहेत का, की नुसत्या रक्तातल्या एनके पेशी (प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मोजून हे सुरू केलंय? रक्तातल्या एनके पेशींवरून गर्भाशयातल्या एनके पेशींचं काही ठरवता येत नाही. त्या वेगळ्या असतात आणि वार रुजताना मदतच करतात. इंट्रालिपिड म्हणजे सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं फॉस्फोलिपिड यांचं मिश्रण, तोंडाने खाता न येणाऱ्या पेशंटला शिरेतून पोषण द्यायला बनवलेलं. त्याने गर्भ टिकतो याचा भक्कम पुरावा नाही आणि युरोपातली एश्रे ही वंध्यत्वतज्ज्ञांची संस्था त्याची शिफारस करत नाही. मलाही एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकने हेच पॅकेज सांगितलं होतं, वर नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी मला टोचायची "लस". त्या लसीची १९९९ साली मोठी चाचणी झाली, फायदा दिसला नाही. २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने संशोधनाबाहेर ती देणं थांबवलं. मी त्या क्लिनिकच्या डॉक्टरांना विचारलं, मला झालंय काय ते एका ओळीत लिहून द्या. त्यांनी पॅकेजचा कागद पुढे केला. आम्ही उठलो.

आशेबद्दल एक गोष्ट मात्र कामाची सांगते, जी घरचे सांगणार नाहीत. स्टेरॉइडने झोप उडते, चिडचिड होते, कधी विनाकारण रडू येतं, मूड वरखाली होतो. तुमचं हे दर महिन्याचं कोसळणं सगळंच तुमचं नसेल, त्यात गोळीचाही वाटा असेल. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घेताय ना? रात्री घेत असाल तर डॉक्टरांना विचारून वेळ बदला. मन फारच खचत असेल तर तेही त्यांना सांगा, डोस बघता येतो. पण गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, काही आठवडे घेतलेलं स्टेरॉइड अचानक सोडणं धोक्याचं असतं.

बाकी मी काय केलं? पाळीची तारीख घरात एका नवऱ्यालाच माहीत असायची. कोण विचारेल त्याला "उपचार चालू आहेत" एवढंच उत्तर. ज्या महिन्यात रडायचं त्या महिन्यात रडले, दुसऱ्या दिवशी कामावर गेले, गोळी घेतली. आशा नव्हती असे महिने पुष्कळ होते. औषधाला त्याने काही फरक पडला नाही.

मी डॉक्टर नाही, आणि माझी औषधं बघून कोणी हेपॅरिन मागायला जाऊ नका. ते अँटीफॉस्फोलिपिडसाठी आहे. रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष असलेल्या, वारंवार गर्भपात झालेल्या बायकांवर २०२३ मध्ये आलेल्या चाचणीत हेपॅरिन घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या, दोन्ही गटांत साधारण ७१-७२ टक्के जणींना मूल झालं, म्हणजे तिथे उपयोग नव्हता. ल्युपस असेल तर तो किमान सहा महिने शांत असल्याशिवाय प्रयत्न करू नका. मेथोट्रेक्सेट किंवा मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर गर्भ राहायच्या बऱ्याच आधी बदलून घ्यावी लागतात. एचसीक्यूएस गरोदरपणातही चालू ठेवतात, फक्त डोळे तपासत राहायचे. एका पायाला सूज आली, पोटरी दुखली, दम लागला तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. आयव्हीएफ करणार असाल तर इंजेक्शनांनी वाढणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे गुठळीचा धोका वाढतो, तेव्हा अँटीबॉडीजचे रिपोर्ट त्या डॉक्टरांच्या हातात आधीच असायला हवेत.

आणि तपासण्या अजून झाल्या नसतील तर ल्युपस अँटीकोॲग्युलंटचं रक्त हेपॅरिन सुरू व्हायच्या आधी द्या, नाहीतर रिपोर्ट चुकू शकतो. आपल्याकडे रक्त गावात काढतात आणि मुंबईला पाठवतात. या तपासणीत प्लाझ्मा लगेच वेगळा करून गोठवावा लागतो, तेव्हा कलेक्शन सेंटरवाल्याला आधी विचारा की ती सोय आहे का. नसेल तर रक्त कोल्हापूर, गोवा किंवा मुंबईत थेट लॅबमध्ये जाऊनच द्या, आणि दुसऱ्यांदा १२ आठवड्यांनी शक्यतो त्याच लॅबमध्ये.