पंपाच्या थरथरीवर करिअर?

नाशिकच्या सिडकोतून एका आईने लिहिलंय: मुलगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अणुभट्टीच्या पंपांना पाण्याच्या प्रवाहामुळे येणाऱ्या कंपनांवर प्रोजेक्ट करायचं म्हणतो, पुढे नोकरीही त्यातच हवी. वडील म्हणतात, अंबडला ओळखीच्या कंपनीत चिकट. एवढ्याशा विषयावर पोट भरेल का? आणि किरणोत्साराचं काय?

ताई, नमस्कार.

नाव अवघड असलं तरी विषय एवढासा नाही. पुरात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीमागे बघा, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून भोवरे सुटतात. पाइपात बसवलेल्या तापमापकाच्या नळीमागेही तेच होतं. नळी 1 सेंटीमीटर जाड आणि पाण्याचा वेग सेकंदाला 5 मीटर असेल, तर तिला सेकंदाला साधारण 100 हिसके बसतात. नळीची स्वतःची वारंवारता, म्हणजे टिचकी मारल्यावर ती सेकंदाला जितक्या वेळा थरथरते तो आकडा, त्याच्या आसपास आली की ती थरथरून थकते आणि मोडते. जपानच्या मोंजू अणुभट्टीत डिसेंबर 1995 मध्ये प्रवाहाच्या कंपनांनीच अशी नळी मोडली. तिथे पाण्याऐवजी वाहणारं द्रव सोडियम गळून आग लागली आणि भट्टी 2010 पर्यंत बंद राहिली. पंपात तर इम्पेलरची, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकाची, पातीच धक्के देतात: 6 पाती, मिनिटाला 1500 फेरे, म्हणजे सेकंदाला 150.

हेच गणित एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या पंपाला लागतं, पाणीपुरवठ्याच्या पंपाला लागतं, साखर कारखान्यातही लागतं. त्यामुळे पोटाची काळजी सोडा.

माझी हरकत प्रोजेक्टला आहे. अणुभट्टीच्या पंपाची खरी मापं कॉलेजच्या पोराला कोण देणार? मग संगणकावर रंगीत चित्रं काढून फाइल सजते आणि मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडी पडते. त्यापेक्षा लॅबमधला साधा सेंट्रिफ्यूगल पंप घ्यावा, व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत बेअरिंगवरची कंपनं मोजावीत, आणि आलेखातलं कुठलं टोक पात्यांमुळे, कुठलं मोटर आणि पंपाचे दांडे एका रेषेत नसल्यामुळे, ते शोधावं. यात त्याला कंटाळा आला, तर अणुभट्टीचं आकर्षण नुसतं नावाचं होतं असं समजा.

अणुऊर्जा क्षेत्रात शिरायचा मुख्य रस्ता गेट, म्हणजे इंजिनिअरिंगची देशपातळीवरची परीक्षा. बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्र) प्रशिक्षण असो की एनपीसीआयएल या सरकारी अणुवीज कंपनीची एक्झिक्युटिव्ह ट्रेनी भरती, गेटच्या गुणांवर मुलाखतीला बोलावतात आणि तिथे पाया तपासतात: द्रवयांत्रिकी, कंपनं, मटेरियल. तिसऱ्या वर्षातही गेट देता येते, तेव्हा येत्या फेब्रुवारीत एकदा बसू दे.

किरणोत्साराचं म्हणाल, तर डिझाइनचं बरंचसं काम टेबलावर आणि चाचणी केंद्रात चालतं. प्रत्यक्ष प्रकल्पात प्रत्येकाच्या अंगावर पडलेला किरणोत्साराचा डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजला जातो. आपल्याकडे कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात 30, ही मर्यादा आहे.

वडिलांचंही अगदीच चूक नाही. अंबडच्या त्या कंपनीत पंप किंवा फिरती यंत्रं दुरुस्त होत असतील, तर वर्षभर तिथे हात काळे करणं फायद्याचंच. नुसतं शिफ्टला उभं राहायचं असेल, तर गेटचा अभ्यास बुडेल. एवढी चौकशी आधी करा. आणि पुढचं पत्र मुलालाच लिहू द्या, सोबत पंपाचे आलेख जोडून.