कॅम्पचा रिपोर्ट नॉर्मल, पण गाठ लागतेय

प्रश्न: माझं वय 46. ऑफिसच्या हेल्थ कॅम्पमध्ये हातात मावेल एवढ्या मशिनने ब्रेस्ट चेकअप केलं, रिपोर्ट नॉर्मल आला. पण डाव्या बाजूला काखेकडे वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते, दुखत नाही. आता परत मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करायची गरज आहे का? ती फार दुखते म्हणतात.

उत्तर: ताई, आधी डॉक्टरांना दाखवा, ह्याच आठवड्यात. हाताला गाठ लागत असेल तर कॅम्पचा रिपोर्ट काहीही म्हणो, तपासणी पूर्ण व्हायलाच हवी. दुखत नाही म्हणून गप्प बसू नका, कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. आणि घाबरूही नका, बऱ्याचशा गाठी साध्याच निघतात.

ते मशिन नेमकं कुठलं होतं ते विचारून घ्या, कारण पोर्टेबल म्हणून बरंच काही चालतं. मोबाइलला जोडून अंगावर फिरवायचा प्रोब असेल तर ती खरी सोनोग्राफी, गाठ पाण्याची की भरीव हे त्यात कळतं, पण करणाऱ्याचा हात तयार लागतो आणि मॅमोग्राफीत दिसणारे कॅल्शियमचे बारीक कण, जे कधीकधी गाठ व्हायच्या आधीच कॅन्सरची खबर देतात, ते सोनोग्राफीत सहसा निसटतात. थर्मल कॅमेरा असेल तर तो फक्त कातडीची उष्णता बघतो, औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने तर मॅमोग्राफीऐवजी हे वापरू नका असं स्पष्ट बजावलंय. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने 2023 मध्ये ब्राला लावायचा सोनोग्राफी पॅच दाखवला, त्यात 0.3 सेंटीमीटरच्या पाण्याच्या गाठीसुद्धा दिसल्या, मला स्वतःला त्याची खूप आशा वाटते, पण तेव्हा तो एकाच बाईवर तपासला होता.

मॅमोग्राफीत स्तन दोन प्लेटांमध्ये दाबतात, पण तो दाब काही सेकंदांचाच असतो. पाळी संपल्यावरच्या आठवड्यात गेलात तर कमी दुखेल. त्या दिवशी काखेत पावडर, डिओ काही लावू नका, त्याचे कण फोटोत कॅल्शियमसारखे दिसतात आणि उगाच जीव टांगणीला लागतो. स्तन आतून घट्ट असतील, म्हणजे चरबी कमी आणि ग्रंथी जास्त, तर मॅमोग्राफीत सगळं पांढरंच दिसतं, गाठही पांढरी, म्हणून डॉक्टर सोबत सोनोग्राफीही सांगतील. दोन्ही करा. शंका राहिलीच तर सुईने तुकडा काढून बायोप्सी करतात, आणि सुई लावली की कॅन्सर पसरतो असं कुणी सांगितलं तर अजिबात मनावर घेऊ नका.