पायथन शिकताय? आधी एवढं पक्कं करा

पायथन या प्रोग्रामिंग भाषेची सुरुवात छान केलीत. आता तीन गोष्टी हाताने टाइप करून बघा.

- 'इनपुट'मधून (input, टाइप केलेलं आत घेणारी आज्ञा) आलेला ५ हा आकडा नसतो, मजकूर असतो. त्यात १ मिळवलात तर एरर येते. आधी 'इंट'ने (int) त्याचा पूर्णांक करून घ्या.
- एक = किंमत ठेवतं, दोन == तुलना करतात. किमतींच्या तुलनेला 'इज' (is) नको, ते दोन्ही नावं एकाच वस्तूची आहेत का एवढंच बघतं.
- लिस्टमधल्या (म्हणजे यादीतल्या) गोष्टींची मोजणी ० पासून.

खरी मेख लिस्टमध्येच आहे. 'अ' ही लिस्ट असताना 'ब = अ' लिहिल्याने नवी लिस्ट बनत नाही, एकाच लिस्टला दोन नावं मिळतात. 'ब'मध्ये अपेंड केलंत (शेवटी काही जोडलंत) की 'अ'सुद्धा बदललेली दिसते, आणि चूक शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते (माझी गेली आहे). वेगळी प्रत हवी तर 'अ.कॉपी()' वापरा.

क्लास, डेकोरेटर हे पुढचे विषय तूर्त बाजूला ठेवा. अडलात तर एररची शेवटची ओळ आधी वाचा.