उत्तर कळलं तरी कोडं संपत नाही

तुमचा प्रश्न असा आहे की गणिती कोड्यांची गोडी पिढ्यान्‌पिढ्या कशी टिकते, आणि उत्तर एकदा कळलं की त्यात उरतं काय. मला वाटतं, जे उरतं त्याचीच ही गोडी आहे.

एक जुनं कोडं घेते. बुद्धिबळाचा पट आहे, ६४ घरांचा. शेजारच्या दोन घरांवर बसेल एवढी एक पट्टी, अशा ३२ पट्ट्यांनी पट सहज झाकला जातो. आता एकमेकांच्या तिरके समोर असलेले दोन कोपरे कापून टाका. ६२ घरं उरली. मग ३१ पट्ट्यांत ती झाकता येतील का?

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी कागदाच्या पट्ट्या कापून बसले होते. ३० पट्ट्या बसायच्या, दोन घरं उघडी राहायची, आणि ती एकमेकांना लागून कधीच नसायची. पट्ट्या उचलायच्या, पुन्हा मांडायच्या. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की उघडी राहणारी दोन घरं दर खेपेला एकाच रंगाची आहेत. तिथं सगळं उलगडलं. पट्टी कशीही ठेवा, ती एक काळं आणि एक पांढरं घर झाकते. कापलेले दोन्ही कोपरे मात्र एकाच रंगाचे होते. म्हणजे एका रंगाची ३० घरं, दुसऱ्याची ३२. जमणारच नाही! मी आणखी हजार वेळा मांडलं असतं तरी नाही. रंग पहिल्यापासून डोळ्यांसमोर होते आणि मी ते नुसती सजावट समजत होते.

हे कुणी सांगितलं म्हणून मी मानलं नाही. माझं मलाच पटलं. अशी खात्री रोजच्या व्यवहारात फार क्वचित मिळते. शाळेत गणित नकोसं झालेली माणसंही कोड्यात रमतात ती यामुळेच, असं मला वाटतं. शाळेत रीत आधी शिकवतात आणि प्रश्न मागून येतो. कोड्यात प्रश्न आधी येतो, रीत आपली आपण शोधायची.

आणि प्रश्न कळायला जवळजवळ काहीच लागत नाही. कोनिग्सबर्ग शहरातले सातही पूल एकेकदाच ओलांडून फिरता येईल का, हे लहान मुलालाही कळतं. ते शक्य नाही हे गणितज्ञ ऑयलरनं दाखवलं, त्याचा १७३६ चा निबंध ही आलेख सिद्धांताची, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या गणिताची, सुरुवात मानली जाते.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते द. रा. कापरेकरांचं काम. देवळालीतले शाळामास्तर, आकड्यांशी खेळण्याचा नाद. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे तेवढे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा आणि वजाबाकी करा: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तसंच: ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. इथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येतं. सुरुवात कुठूनही करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथं पोचता. वजाबाकी येणाऱ्या कुणालाही हे करून पाहता येतं, तरी कापरेकरांच्या आधी ते कुणी जगापुढे मांडलं नव्हतं.

हे फक्त जुन्या काळी व्हायचं असंही नाही. इंग्लंडमधले डेव्हिड स्मिथ छपाईच्या कामातून निवृत्त झालेले, आकारांशी खेळण्याचा छंद असलेले गृहस्थ. २०२२ मध्ये त्यांना तेरा बाजूंचा एक आकार सापडला. त्याच्या फरशा कितीही दूरपर्यंत फट न ठेवता बसतात, पण नक्षी ठरावीक अंतरानं कधीच जशीच्या तशी पुन्हा येत नाही. असा एकटा आकार असू शकतो का, याच्या मागे गणितज्ञ कित्येक दशकं होते.

तेव्हा उत्तरावर थांबू नका. तोच पट पुन्हा घ्या. या वेळी एक काळं आणि एक पांढरं घर कापा, पटावर कुठलीही दोन. ३१ पट्ट्यांत उरलेला पट दर वेळी झाकता येतो. का, ते मी सांगत नाही. सगळ्या घरांतून एकेकदाच जाऊन निघाल्या घरी परत येणारी वाट पेन्सिलीनं काढा आणि मग ती दोन घरं कापून पाहा.