सॅट्समध्ये ९८ म्हणजे कमी कसे? आणि शाळेची ‘प्रगती’ उणे म्हणजे शाळा वाईट का?

तुमचा मुलगा इयर फोरमध्ये भारतातून इंग्लंडच्या शाळेत आला. इयर सिक्सच्या सॅट्समध्ये (प्राथमिकच्या शेवटच्या वर्षी इंग्लंडभर होणाऱ्या परीक्षांत) त्याला वाचनात १०३, गणितात १०९ आणि व्याकरण-स्पेलिंगमध्ये ९८ मिळाले. सरकारी संकेतस्थळावर मात्र याच शाळेची २०२३ची गणितातली ‘प्रगती’ उणे १.८ दिसते. मग धाकटीला इथे घालावं की नाही, हा तुमचा प्रश्न.

मी इथल्या एका प्राथमिक शाळेत चार वर्षं पालक-गव्हर्नर होते, म्हणजे शाळेच्या कारभारी मंडळावर पालकांची प्रतिनिधी. पहिल्या दोन-तीन बैठकांत मलाही हे आकडे कळत नव्हते, नुसती मान डोलवायचे.

आधी ९८. हा आकडा ऐकला की आपल्याला टक्केच आठवतात. मुलीचे १०४ मी आईला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, “अगं, शंभरापैकी एकशेचार कसे देतात?” हे टक्के नव्हेत. ८० ते १२० अशी पट्टी आहे. १००ला अपेक्षित पातळी, ११०पासून वरची. पेपर एखाद्या वर्षी सोपा निघतो, एखाद्या वर्षी अवघड, म्हणून मूळ मार्क या पट्टीवर बसवून घेतात. वाचनाचा पेपर ५० मार्कांचा असतो. २०२२ मध्ये १००वर पोचायला २९ मार्क लागले. २०२३चा पेपर इतका अवघड होता की त्याच्या बातम्या झाल्या, आणि त्या वर्षी २४ मार्कांत काम झालं. तुमच्या मुलाचे ९८ म्हणजे थोडक्या मार्कांनी हुकलेली रेघ. शिवाय ‘वाचन, लेखन आणि गणित तिन्हींत अपेक्षित पातळी’ हा जो आकडा गाजतो (२०१९ मध्ये देशभरात ६५ टक्के, २०२४ मध्ये ६१), त्यात व्याकरणाचा पेपर धरतच नाहीत. दोन वर्षांपूर्वी आलेल्या मुलाला गणितात १०९ आहेत, त्याचं कौतुक करा की! लेखनापुढे आकडा का नाही, तर त्याची परीक्षाच नसते. वर्गशिक्षक वर्षभराच्या वह्या बघून ठरवतात.

आता ते उणे १.८. इथे बहुतेक पालक फसतात.

प्रगती म्हणजे निकाल नव्हे. इयर टूच्या शेवटी, सहा-सात वर्षांची असताना, ज्यांची पातळी सारखी होती अशी देशभरातली मुलं एका गटात घेतात आणि इयर सिक्समध्ये त्या गटाची सरासरी किती आली ते बघतात. मूल त्या सरासरीच्या वर असेल तर अधिक, खाली असेल तर उणे. शाळेतल्या मुलांच्या या फरकांची सरासरी म्हणजे शाळेचा आकडा. देशाची सरासरी शून्य धरलेली असल्यामुळे पुष्कळ शाळा उणे असणारच, त्याला इलाज नाही. म्हणूनच १०८ सरासरी असलेली शाळाही उणे असू शकते आणि ९९वाली अधिक.

पण त्या आकड्याशेजारी बारीक अक्षरांत एक पल्ला दिलेला असतो, म्हणजे खरा आकडा साधारण कुठपासून कुठपर्यंत असू शकतो ते. तो वाचलात का? तीस मुलांच्या वर्गात एकच मूल आजारपणामुळे १५ने मागे पडलं तरी शाळेचा आकडा अर्ध्या गुणाने खाली येतो. एवढ्या वर्गाला साधारण दोन-दोन गुणांचा पल्ला दोन्ही बाजूंना असतो. समजा तो उणे ३.९ ते अधिक ०.३ असा असेल, तर शून्य त्याच्या आतच येतं, म्हणजे शाळा सरासरीपेक्षा वेगळी आहे असं म्हणताच येत नाही. आमच्या बैठकीत उणे १वरून एका वर्षी तासभर वाद झाला होता. पल्ला कोणी उघडून पाहिलाच नव्हता, मीसुद्धा!

आणखी एक गंमत. इयर टूचा निकाल नसलेली मुलं या हिशेबात घेतच नाहीत. तुमचा मुलगा तेव्हा भारतात होता. म्हणजे शाळेने त्याला दोन वर्षांत जे शिकवलं, ते या मापात कधीच दिसणार नाही. आपल्यासारखी बाहेरून आलेली मुलं जिथे जास्त, तिथे हा आकडा वर्गातल्या मोजक्याच मुलांबद्दल बोलत असतो.

आणि तो २०२३चा आहे. कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये इयर टूच्या परीक्षा झाल्या नाहीत, म्हणून २०२४ आणि २०२५ची प्रगती काढताच आली नाही. ती २०२३ची मुलं केव्हाच सेकंडरीत गेली. सप्टेंबर २०२१पासून रिसेप्शनच्या (इयर वनच्या आधीच्या वर्गाच्या) सुरुवातीलाच मुलांची छोटी चाचणी घेतात आणि २०२८पासून प्रगती तिथपासून मोजणार आहेत. धाकटीचा हिशेब तसा होईल, पण तिच्या त्या चाचणीचे मार्क तुम्हाला मिळणार नाहीत, शाळेलाही नाही.

तेव्हा धाकटीसाठी मी त्या उणे १.८कडे बघणार नाही. शाळेत जाऊन दोनच गोष्टी विचारेन: इयर टूच्या शेवटी मागे असलेल्या मुलांसाठी तुम्ही नेमकं काय करता, आणि गेल्या तीन-चार वर्षांत किती शिक्षक सोडून गेले? पहिल्या प्रश्नाला मुख्याध्यापिका अडखळल्या, तर दुसरी शाळा बघून या.