सामाजिक संस्थेसाठी माहितीपट केल्याने खरोखर मदत होते का?

नोकरी सांभाळून शिकलेली चित्रीकरणाची कला एखाद्या संस्थेच्या कामी लावावी अशी आपली इच्छा आहे आणि माहितीपटामुळे देणग्या खरोखर मिळतात का, असे आपण विचारले आहे. मिळतात, मात्र तो कोणाला दाखवायचा आणि पाहणाऱ्याने नंतर नेमके काय करायचे, हे कॅमेरा बाहेर काढण्याआधी ठरलेले असावे लागते. मी हे ठेच लागल्यावर शिकलो.

काही वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणाऱ्या एका लहानशा संस्थेसाठी मी 25 मिनिटांचा माहितीपट केला. दिवाळीच्या आगेमागे या कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि घरी सांभाळायला आजी-आजोबा नसले की मुलेही फडावर, म्हणजे तोडीच्या उसाच्या शेतावर, जातात. आईवडील पहाटे तोडीला गेल्यावर कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, मागे राहिलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी धाकट्यांना भाकरी करून घालते आणि तिची शाळा तिथेच सुटते. दृश्ये मनासारखी मिळाली होती. पुण्यातल्या एका सभागृहात लोकांनी डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या आणि ते गाड्या काढायला निघून गेले, कारण एका मुलाचा हंगामभराचा खर्च किती येतो आणि तो कोणाकडे द्यायचा, हे मी कुठेच सांगितले नव्हते.

2009 साली ऑस्कर मिळालेला ‘स्माइल पिंकी’ हा 39 मिनिटांचा माहितीपट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मिर्झापूर भागातल्या खेड्यातली, ओठ दुभंगलेली मुलगी वाराणसीला येते, तिथे स्माइल ट्रेन या संस्थेच्या मदतीने तिच्यावर मोफत शस्त्रक्रिया होते आणि ती बरी होऊन घरी परतते. आपल्या पैशाने काय घडेल हे प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. पण तिथे उपायच एका शस्त्रक्रियेएवढा आहे. उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम), ती देऊन टोळी नेणारा मुकादम आणि कोरडवाहू जमीन यांच्या कात्रीत सापडलेल्या कुटुंबाची गोष्ट त्या साच्यात बसवू गेलो, तर ती खोटी होते.

दुसरे उदाहरण मुंबईचे आहे. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (1985) या माहितीपटात झोपडी पाडली गेलेली एक बाई कॅमेऱ्यामागच्या माणसालाच धारेवर धरते: गरिबांची छायाचित्रे काढून नाव तुमचे होणार, आम्हाला काय मिळणार? दिग्दर्शकाने तो प्रसंग कापला नाही. पुढे 1986 मध्ये कफ परेडजवळची संजय गांधी नगर ही वस्ती पाडल्यावर तिथल्या रहिवाशांबरोबर ते स्वतः उपोषणाला बसले, शबाना आझमीही त्यात होत्या, आणि रहिवाशांना गोरेगावला पर्यायी जागा मिळाली. ती जागा आंदोलनामुळे मिळाली, चित्रपटामुळे नव्हे. तरी त्या बाईच्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

आपण चित्रीकरणाच्या संमतीपत्राविषयीही विचारले आहे. कागदावर सही किंवा अंगठा जरूर घ्यावा, पण त्यावर विसंबू नये. माझ्या माहितीपटात एक आई उचलीचा हिशेब मोकळेपणाने सांगत होती. कच्चे संकलन तिला लॅपटॉपवर दाखवले, तेव्हा ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, “मुकादमानं बघितलं तर पुढच्या साली आम्हाला कोण नेईल?” सही तिने आधीच केली होती. आम्ही तो भाग संपूर्ण काढून टाकला. चेहरा धूसर करून भागले नसते, कारण टोळीतल्या कोणीही तिचा आवाज ओळखला असता.

पैशांच्या बाबतीत, देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी, 80जी या नावाने ओळखली जाणारी नोंदणी संस्थेकडे आहे का, हे आधी विचारून घ्या, कारण देणगीदार पहिल्यांदा तेच विचारतात. आपला माहितीपट परदेशस्थ मित्रमंडळींत फिरणार असेल, तर परदेशी देणगी स्वीकारण्यासाठी संस्थेला एफसीआरए या परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्याखाली नोंदणी लागते, हेही ध्यानात ठेवा.

त्या 25 मिनिटांतून पुढे मी चार मिनिटांची एक आवृत्ती काढली: वसतिगृहातले जेवण, झोपायची जागा, रात्री मुलींजवळ थांबणाऱ्या मावशी, आणि फोनवरून आईशी बोलणारी मुलगी. देणगीदारांसाठी म्हणून केलेली ही आवृत्ती संस्थेच्या कार्यकर्त्यांनी दसऱ्याच्या सुमारास, टोळ्या निघण्याआधी, देवळाच्या भिंतीवर गावकऱ्यांनाच दाखवली. मुलांना मागे ठेवायचे की बरोबर न्यायचे, हे ठरवणारे आईबाप समोर बसले होते. त्यांनी प्रश्न विचारले ते मुख्यतः त्या मावशींबद्दल, आणि त्या वर्षी काही मुली गावात राहिल्या.